मुठीची आज्ञा

घोडेस्वाराच्या हातांतील लगामाचें जें काम, तेंच मोटारसायकलीच्या उजव्या मुठीचें. अनेक दशकें ही मूठ आणि इंजिन यांना पोलादी तारेची केबल जोडीत असे. मूठ पिळतांच तार ओढली जाई व हवेची झडप उघडे; हाताची इच्छा आणि यंत्राची कृति यांमध्यें दुसरा कोणी नसे.

२००६ सालच्या यामाहा आर-६ या जपानी गाडीनें हा संबंध बदलला. तारा राहिल्या, परंतु मुठीची स्थिति कळविण्यापुरत्याच. ती पाहून संगणक विजेच्या छोट्या मोटारीकडून झडप उघडूं लागला. पुढें कित्येक गाड्यांतून तारही गेली.

आरंभीच्या अशा गाड्यांवरील स्वारांचे अनुभव संमिश्र होते. कोणाला मूठ पिळल्यावर क्षणभर विलंब जाणवे, तर कोणाला बंद मूठ उघडतांना गाडी हिसका देई. वळणावर कललेल्या स्वाराला असा हिसका म्हणजे जिवाशीं गांठ. दोष बहुधा तार नसण्याचा नव्हता. मुठीच्या किती पिळास झडप किती उघडावी, या संगणकांतील कोष्टकाचा होता. कोष्टकें सुधारत गेलीं, तशी कुरबुर ओसरली.

२०१७ सालीं पुण्याजवळ चाकण येथें तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्येंही ही योजना आली. पावसांत इंजिन सौम्य करणें, घसरूं पाहणारें चाक सांवरणें, ठराविक वेग राखणें, हीं कामें तिच्यामुळें सुलभ झालीं.

तथापि मध्यस्थ कितीही शहाणा असो, त्याची परीक्षा एकच: मूठ पिळण्यापूर्वीं पुढें काय होणार, हें स्वाराच्या हाताला ठाऊक असतें काय?