चमत्कारी औषधे आणि कायद्याचे दोन हात

२०१९ सालची गोष्ट. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर एके सकाळी एक संदेश आला. नारळाचे दोन-चार पातळ काप पेल्यात घालावेत, वर गरम पाणी ओतावे आणि ते रोज प्यावे. त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा त्याचा आशय होता. सोबत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या संचालकांचे नाव होते. प्रत्येकाने हा मजकूर दहा जणांना पाठवला तर निदान एक जीव तरी वाचेल, असे आवाहनही होते. हा मजकूर आपला नाही, असा जाहीर खुलासा रुग्णालयाला करावा लागला. आमच्या समूहावर तो खुलासा मात्र कोणीच टाकला नाही.

कारण संदेश पाठवणारे आमचे काका होते. निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या घरात, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. काका, हे खोटे आहे, असे चारचौघांत म्हणायचे कोणी? समूहात नागपूर, इंदूर, हैदराबाद, मस्कत इथली मिळून चाळीसएक माणसे. मी त्या वेळी चेन्नईला नेमणुकीवर होतो. अर्थशास्त्राची एम.ए.ची पदवी, टपाल खात्यातली पंचवीस वर्षांची नोकरी, आणि तरीही मी गप्प राहिलो.

इंदूरच्या आमच्या चुलत वहिनींच्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान त्याच महिन्यात झाले होते. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. ती त्यांनी पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. चार महिने नारळ आणि गरम पाणी चालू राहिले.

असल्या औषधांना आवर घालण्यासाठी सरकारांनी आजवर काय केले, हे मी त्यानंतर वाचू लागलो. या लेखात त्या वाचनाचे सार मांडतो.

प्रारंभ माझ्याच खात्यापासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय सुरू केली. 'व्ही.पी.ने मागवा' हे शब्द जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत सांगायला नको. पोस्टमन पार्सल घेऊन दारात येई, ग्राहक पैसे मोजी, आणि मगच त्याला पार्सल फोडता येई. पुस्तके, बियाणे, घड्याळे खेडोपाडी पोचली ती या सोयीमुळे. त्याच पिशवीतून ताईत, शक्तिवर्धक गोळ्या आणि सर्व रोगांवरचे रामबाण उपायही पोचले. आधी किंमत आणि मग पारख, हा या व्यवहाराचा क्रम होता. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे हेच वैगुण्य दाखवले: विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि घेतल्यानंतरही ते नीट कळत नाही. भाजी वाईट निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकान बदलते. कर्करोगाच्या औषधाच्या बाबतीत दुसरा दिवस मिळेलच असे नाही.

अमेरिकेला हा धडा न्यायालयात मिळाला. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने औषधाच्या वेष्टनावर खोटी माहिती छापण्यास बंदी केली होती. मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या जॉन्सन नावाच्या डॉक्टरवर कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांबद्दल खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९११ मध्ये सरकार हरले. न्यायमूर्ती होम्स यांच्या बहुमताच्या निर्णयानुसार हा कायदा औषधात काय आहे याविषयीच्या खोटेपणापुरता होता. औषधाने काय होईल हा दावा त्याच्या कक्षेत येत नव्हता. म्हणजे बाटलीत साखरेचे पाणी असल्याचे प्रामाणिकपणे छापले, तर त्याने कर्करोग बरा होतो असे छापण्यास प्रत्यवाय नव्हता! पुढच्याच वर्षी शर्ली दुरुस्तीने ही फट बुजवण्याचा प्रयत्न झाला. पण तीत विक्रेत्याचा फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट होती. माझा माझ्या औषधावर मनापासून विश्वास आहे, असे म्हणणाऱ्याला त्यामुळे पळवाट मिळाली. ही अट १९३८ च्या कायद्याने गेली.

तरीही हॅरी हॉक्सी नावाचा, वैद्यकीय शिक्षण नसलेला गृहस्थ टेक्सासमधील डॅलस येथे कर्करोगावरचा काढा आणि मलम विकत वर्षानुवर्षे टिकून होता. अखेर १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकी औषध प्रशासनाने त्याच्या उपचारांपासून सावध राहा असा इशारा काढला आणि त्याचे फलक देशभरातील टपाल कार्यालयांत लावले. एका देशात ज्या खात्याच्या पिशवीतून ताईत गेले, त्याच खात्याच्या भिंतीवर दुसऱ्या देशाने सत्य लावले, ही गोष्ट टपाल खात्यातील माणसाला विसरता येत नाही. अमेरिकेत बंदी आल्यावर तो उपचार १९६३ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोत तिहुआना येथे गेला. पुढे १९६७ मध्ये हॉक्सीला स्वतःलाच प्रोस्टेटचा कर्करोग झाला, तेव्हा त्याने रीतसर शस्त्रक्रिया करून घेतली.

ब्रिटनचा मार्ग वेगळा होता, आणि मला तो अधिक बोधप्रद वाटतो. तेथील वैद्यक संघटनेने १९०९ मध्ये गुप्त औषधांचे पृथक्करण करून, कोणत्या बाटलीत काय आहे आणि त्याची खरी किंमत किती, हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. अनेक वृत्तपत्रांनी त्या पुस्तकाची जाहिरात छापण्यास नकार दिला, कारण औषधवाल्यांच्या जाहिरातींवर त्यांची गुजराण होती. पुढे १९३९ मध्ये ब्रिटिश संसदेने कर्करोग कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमाने कर्करोगावर उपचार करून देण्याची जाहिरात जनतेपुढे करण्यास मनाई केली. हे कलम आजही अस्तित्वात आहे आणि त्याचाच उल्लेख सर्वत्र होतो. परंतु त्या कायद्यातील बाकीची कलमे वाचण्यासारखी होती. कर्करोगाचे निदान व उपचार यांची व्यवस्था लावण्याचे कर्तव्य त्यांनी स्थानिक परिषदांवर टाकले होते, आणि रेडियमच्या खरेदीसाठी राष्ट्रीय न्यासाला कर्ज देण्याचा अधिकार मंत्र्याला दिला होता. एका हाताने खोटे दार बंद करायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने खरे दार उघडायचे, अशी ती रचना होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि या कलमांचे काम तिने उचलले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या संसदेने १९५४ मध्ये 'औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' संमत केला. त्या वेळी सरकारच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने गुप्तरोग, कामोत्तेजक औषधे आणि स्त्रियांचे विकार यांच्या जाहिराती होत्या. ताईत, मंत्र, कवच यांचाही त्यात नावानिशी समावेश झाला. जाहिरातीची व्याख्या तर मोठी दूरदर्शी आहे: छापील मजकूर, तोंडी घोषणा, एवढेच काय, प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत येते. या कायद्याला एका औषधनिर्मात्या संस्थेने भाषणस्वातंत्र्याच्या नावाने आव्हान दिले. हमदर्द दवाखाना खटल्याच्या डिसेंबर १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात ही घटनेला अभिप्रेत असलेली अभिव्यक्ती नव्हे. मात्र नियमांद्वारे वाटेल तो रोग यादीत घालण्याची सरकारला कलम ३(ड) मध्ये मिळालेली मोकळीक, तसेच जप्तीचा अधिकार, न्यायालयाने अवैध ठरवला. १९६३ मध्ये दुरुस्ती झाली आणि रोगांची यादी परिशिष्ट म्हणून कायद्यातच आली. तीत ५४ नोंदी आहेत. सहावी नोंद कर्करोगाची आहे.

कायदा चांगला आहे. पण तो एका हाताचा आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, नंतरच्या अपराधाला वर्षापर्यंत कैद किंवा दंड. रुग्णाने मग जावे कुठे, याचे उत्तर त्यात नाही, आणि जाहिरातीच्या कायद्याकडून त्याची अपेक्षाही नव्हती. ते उत्तर इतरत्र, तुकड्यातुकड्यांनी तयार होत होते. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. कायदा झाला त्याच १९५४ मध्ये, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने मद्रासच्या अड्यारमध्ये कर्करोग संस्था उभी राहिली. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रमाला १९७५ साल उजाडावे लागले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कर्मचारी गावोगाव जात, लोकांशी साध्या भाषेत बोलत, कोणती लक्षणे दिसली तर दवाखान्यात या, हे सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्याचे नोंदींतून दिसले. दुसरा हात तो हाच.

अड्यारचे नाव घेतले म्हणून आणखी एक गोष्ट. रक्ताचा कर्करोग बरा करणारे औषध अड्यारच्या संस्थेत मोफत मिळते, असा एक संदेश आधी ईमेल आणि एसएमएसवरून व पुढे समाजमाध्यमांवरून वर्षानुवर्षे फिरत आहे. संस्थेला त्याचा वारंवार इन्कार करावा लागला. औषधाचे नावही त्यात चुकीचे असते; पण ते नाव ज्याचा अपभ्रंश आहे ते इमॅटिनिब हे औषध मात्र खरे आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर ते अतिशय गुणकारी ठरले. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एक लाख वीस हजारांच्या आसपास, तर भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार रुपये होता. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. कायदे निराळे, कलमाचा क्रमांक मात्र योगायोगाने तोच. एक ३(ड) खोटे औषध रोखते, दुसऱ्याने खरे औषध आवाक्यात ठेवले. माझ्या मते खोट्या संदेशाचे अधिक नुकसान दुसऱ्याने केले. हाती काही उरले नाही असे वाटणारा माणूस ताईत बांधतो. औषध परवडणारे असेल तर तो रांगेत उभा राहतो.

पहिल्या हाताची आज आणखी एक अडचण आहे. १९५४ चा कायदा जाहिरातदाराला, म्हणजे नफा कमावणाऱ्याला शोधतो. नारळपाण्याच्या संदेशात कोणी काही विकत नव्हते. काकांनी तो मायेपोटी पाठवला. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात रोगांची यादी वाढवणे, दहा लाखांपर्यंत दंड आणि इंटरनेटवरील जाहिरातींचा समावेश प्रस्तावित होता. जाहिरातदारांसाठी ते योग्यच आहे. पण काकांवर कोणता दंड बसवणार? अशा ठिकाणी उपयोगी पडते ते तत्परतेने आणि नावानिशी सांगितलेले सत्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सुप्रसिद्ध व्यक्तीने पत्नीचा कर्करोग हळद, कडुनिंब आणि आहारनियमनाने हटल्याचे सांगितले. त्या बाईंची शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती. टाटा रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी काही दिवसांतच सह्यांचे निवेदन काढले की, याला पुरावा नाही, उपचारास विलंब करू नका.

मला जे सांगायचे आहे ते इथे येऊन थांबते. तज्ज्ञांचे निवेदन वृत्तपत्रापर्यंत येते. तिथून कुटुंबाच्या समूहापर्यंतचे अंतर आपल्यालाच तोडावे लागते. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना हे विशेष लागू आहे, असे मी स्वानुभवावरून म्हणतो. गावी कोणी आजारी पडले की आपल्याला उशापाशी बसता येत नाही, दवाखान्यात डबा नेता येत नाही. मग काहीतरी केल्याचे समाधान म्हणून आपण संदेश पुढे पाठवतो, किंवा आलेल्या संदेशाला हात जोडल्याचे चित्र लावतो. मीही तेच चित्र लावले होते.

वहिनींची शस्त्रक्रिया अखेर झाली, तेव्हा रोग काखेतील गाठींपर्यंत पोचला होता. २०२२ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. ते चार महिने वाया गेले नसते तर त्या वाचल्या असत्या, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर ठामपणे सांगणार नाही, आणि मीही सांगत नाही.

वर्षभरानंतर काकांनी मधुमेहावरचा असाच एक संदेश पाठवला. या वेळी मी समूहावर काही लिहिले नाही. त्यांना फोन केला. प्रकृतीची चौकशी केली आणि मग सांगितले, "काका, हे खरे नाही. मी चौकशी केली आहे." ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर विचारले, "नारळाचंही?" मी हो म्हटले. त्या संध्याकाळी समूहावरील तो संदेश त्यांनी स्वतःच काढून टाकला.