भिंतीवरची तारीख

शाहूवाडी तालुका हा सह्याद्रीच्या कुशींतला मुलूख. वारणा व कडवी यांच्या खोऱ्यांतून येथील गांवें वसलीं आहेत, आणि आंबा घाटाच्या बाजूस पावसाळ्यांत ऊन विरळाच दिसतें. अशा प्रदेशांतील हिवतापाचा इतिहास लिहावयाचा तर सरकारी दप्तरांइतकाच घरांच्या भिंतींचा आधार घ्यावा लागतो. आमच्या बालपणीं, १९८० च्या सुमारास, फवारणी झालेल्या घरावर तारीख लिहीत असत. शिलालेखांचे ठसे घेत हिंडणाऱ्या आम्हांस त्या तारखेचें मोल फार उशिरां कळलें.

डी. डी. टी. हें द्रव्य १८७४ सालींच सिद्ध झालें होतें; परंतु त्याचा कीटकनाशक गुण पाउल म्यूलर यांनीं १९३९ मध्यें ओळखला व त्याबद्दल १९४८ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. तत्पूर्वींचा पायरेथ्रमचा फवारा अंगावर पडेल तेवढाच डास मारी. नव्या औषधाचें वैशिष्ट्य निराळें होतें. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते. तेथें महिनोन्‌महिने टिकणारा औषधाचा थर तिचा घात करतो. मुंबई प्रांतांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनीं कारवार व धारवाड या भागांत १९४६ पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्यें त्याच प्रांतांत विलीन झालें, आणि १९५३ मध्यें देशव्यापी मोहीम सुरू झाली. त्या वेळीं वर्षाला साडेसात कोटी रुग्ण व आठ लक्ष मृत्यू असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखाच्या घरांत आले. हा पराक्रम लहान नव्हे.

पुढें मात्र १९७६ मध्यें रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. याचीं कारणें अनेक. शेतांत त्याच जातीचीं औषधें वारेमाप वापरल्यानें डासांच्या पिढ्या त्यांना सरावल्या, हें त्यांपैकीं एक. अंगणांत व गोठ्याबाहेर फवारा मारावा, असा आग्रह लोक धरीत; पण ऊनपावसांत तो थर टिकत नाहीं, ही साधी गोष्ट त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगे. ढेकणांचें प्रकरण तर याहून बोलकें आहे. आरंभीं ढेकूण मेले म्हणून फवारणीवाल्यांचें स्वागत झालें. लोकांच्या लेखीं डासापेक्षां ढेकूण हाच खरा वैरी होता. कांहीं वर्षांनीं ढेकूण औषधाला दाद देईनासे झाले, आणि दारें बंद होऊं लागलीं.

मातीच्या भिंती औषध शोषून घेत. त्यांवर शेणमातीचा हात फिरला कीं उरलेलें औषध झांकलें जाई. अधिकारी याचें खापर बायकांच्या अडाणीपणावर फोडीत. आम्हांस हें मान्य नाहीं. सणापूर्वीं घर सारवणें हा त्यांचा आरोग्यधर्मच होता. पांढऱ्या डागांनीं विटलेली भिंत तशीच ठेवा, असें सांगतांना कारणही सांगणें हें मोहिमेचें काम होतें.

आमच्या आजीनें दिवाळीपूर्वीं सारें घर सारवलें. सरकारी अक्षर पुसूं नये म्हणून तारखेभोंवतीं तेवढी वीतभर जागा तिनें जपून सोडली. पुढें तपासनीस आला, त्यानें तारीख वाचली, वहींत नोंद केली आणि समाधानानें शेजारच्या घरीं गेला.