मुक्ताचा निबंध आणि गाईडमधली आई

डी.एड.च्या पोरांना ‘सामाजिक पुनर्रचनावाद’ परीक्षेपुरता पाठ असतो. त्यातली मूळ गोष्ट मात्र सोपी आहे. अमेरिकेत महामंदीनं लाखो लोक बेकार झाले होते. तेव्हा १९३२ मध्ये जॉर्ज काउंट्स या शिक्षणतज्ज्ञानं शिक्षकांना थेट विचारलं, की नवा समाज घडवायची हिंमत शाळेत आहे का? की आहे तोच समाज पुढच्या पिढीच्या हातात द्यायचा?

मित्रांनो, याचं उत्तर पुण्यात ७७ वर्षं आधीच लिहून झालं होतं. लिहिणारी होती मुक्ता साळवे. मांग समाजातली, साधारण १४ वर्षांची, फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध दोन भागांत छापून आला. पेशवाईत आपल्या माणसांना इमारतींच्या पायात कसं पुरलं जाई, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर कसं नसे, आम्हाला वेद वाचायची बंदी, मग आमचा धर्म कोणता, हे सगळं तिनं मांडलं. शेवटी आपल्याच लोकांना सांगितलं, शिका.

तीन वर्षांच्या शाळेत हे कसं जमलं? कारण तिथं भाषा म्हणजे नुसतं शुद्धलेखन नव्हतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात काय हवं ते सांगितलं. बालबोधीबरोबर मोडी, हिशेब, थोडी शेतीची आणि आरोग्याची माहिती. मोडी का? तर जमिनीचे, कर्जाचे कागद मोडीत असायचे. ज्याला ते वाचता येत नाहीत, तो दुसरा सांगेल तिथं अंगठा देणार. वाचता येणं म्हणजे फसवणूक ओळखता येणं, इतका रोकडा हिशेब होता तो.

आता आपल्या गावातल्या चौथीच्या वह्या उघडून बघा. ‘माझी आई’ या निबंधात चाळीस वह्यांत एकच आई सापडते. ती पहाटे उठते, गोड जेवण करते, गोष्टी सांगते. ती गाईडमधली आई आहे. ऊसतोडीला गेलेली, पहाटे थंडीत मोळ्या बांधणारी आई एकाही वहीत नसते. पोराला ती माहीत असते, पण ती निबंधात लिहायची नसते, हेही आपणच त्याला शिकवलेलं असतं.

काही जण म्हणतील, एवढ्याशा लेकरांना राजकारण शिकवायचं का? अजिबात नाही. उत्तरं आपण द्यायचीच नाहीत. गावात टँकर कधी आला, पाणी कोणाला आधी मिळालं, कोणाला मिळालंच नाही, एवढं पोरांना बघून त्यांच्या शब्दांत लिहू द्या. त्यांची घरची बोली आली तर लगेच लाल शाई मारू नका. प्रमाण भाषा पुढं येतेच. पण आपलं जगणं लिहिण्यासारखं नाही असं एकदा पोराला वाटलं, की ते मनातून काढणं अवघड जातं.

गुरुजी, बाई, या आठवड्यात एकच तास गाईड बंद ठेवा. आणि पालकांनो, त्या वहीत चुका दिसल्या तरी आधी मजकूर वाचा.