लखोट्यावरचा तोतया : बनावट ईमेल रोखण्याचा इतिहास

१ एप्रिल १९८४. युजनेट या चर्चाजालावर एक संदेश झळकला. प्रेषक : कॉन्स्तान्तिन चेर्नेन्को, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. संगणकाचे नाव : ‘क्रेमव्हॅक्स’. सोव्हिएत संघ या जालात सामील होत असून मोकळी चर्चा करू इच्छितो, असा त्याचा आशय होता. शीतयुद्धाच्या त्या काळात अनेकांनी तो खरा मानला. प्रत्यक्षात लेखक होते ॲम्स्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेतील पीट बेर्टेमा, आणि निमित्त होते एप्रिल फूलचे. (पुढे मॉस्कोतील प्रोग्रामरांनी आपल्या एका खऱ्या संगणकाला हेच नाव दिले.)

थट्टा निरुपद्रवी होती. तिने दाखवलेले खिंडार तसे नव्हते. युजनेट आणि ईमेल या दोन वेगळ्या व्यवस्था, तरी दोन्हींत प्रेषकाचे नाव प्रेषकच लिहीत असे आणि ते पडताळण्याची सोय कोणाकडेच नव्हती.

ईमेलची ही रीत ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपी या नियमावलीत पक्की झाली. पाठवणारा सर्व्हर आधी आपली ओळख सांगतो, मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून प्रेषकाचा पत्ता, त्यानंतर प्राप्तकर्त्याचा पत्ता, आणि शेवटी मजकूर देतो. हा झाला लखोटा. आतल्या पत्रावर ‘फ्रॉम’ अशी दुसरी ओळ असते. वाचणाऱ्याला दिसते ती हीच. लखोट्यावरचे नाव आणि आतले नाव एकच असावे, अशी सक्ती नाही. याला भोळेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. नको असलेला संदेश निवडून नाकारण्याचा उपाय संगणकापाशी नाही, ही अडचण खुद्द पोस्टेल यांनीच १९७५ मध्ये एका टिपणात मांडली होती. परंतु तेव्हाचे जाल म्हणजे मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा. टपाल पोहोचणे हीच मोठी गोष्ट होती. त्यामुळे कोणाचेही टपाल पुढे ढकलणे हा शेजारधर्म समजला जाई. सेंडमेल या प्रसिद्ध प्रणालीने हा शेजारधर्म आपणहून पाळणे थांबवले ते थेट १९९८ मध्ये, ८.९ या आवृत्तीत.

तोपर्यंत व्हायचे ते नुकसान सुरू झाले होते. १९९७ च्या प्रारंभी ‘जोज डॉट कॉम’ या संकेतस्थळाच्या चालकाने जाहिरातींचा मारा करणाऱ्या एका सदस्याचे खाते काढून टाकले. त्या सदस्याने सूड म्हणून चालकाच्याच नावे नव्या जाहिराती धाडल्या. संतापलेल्या लोकांनी शिव्याशाप पाठवले. काही स्वयंघोषित रक्षकांनी तर ते संकेतस्थळच काही काळ बंद पाडले. शिक्षा झाली ती ज्याचे नाव चोरले गेले त्याला. या प्रकाराला आजही ‘जो जॉब’ म्हणतात.

पहिला प्रतिकार गाळणीचा होता. पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी चालवली. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून संदेश पारखण्याची पद्धत लोकप्रिय केली. पण गाळणी मजकूर जोखते, माणूस नव्हे. बँकेच्या नावाचे कसबी बनावट पत्र बँकेच्या पत्रासारखेच वाचले जाते.

२००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी एसपीएफ पुढे आणले. त्यामागची कल्पना एखाद्या दप्तरदाराला सुचावी अशी आहे. डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत प्रत्येक डोमेनने लिहून ठेवायचे, की आमचे टपाल अमुक आयपी पत्त्यांवरूनच निघते. टपाल घेणारा सर्व्हर ती नोंद पाहतो. मात्र एसपीएफ लखोटाच तपासते, आतले ‘फ्रॉम’ नाही. आणि कोणी पत्र दुसऱ्या पत्त्यावर वळवले, तर खरे पत्रही खोटे ठरते.

म्हणून मोहोर हवी होती. याहूचे डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक योजना एकत्र होऊन २००७ मध्ये डीकेआयएम प्रमाणित झाले. पाठवणारा सर्व्हर खासगी किल्लीने पत्रावर सही करतो. ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. शिवकालीन पत्रांच्या अभ्यासकाला येथे ओळखीची खूण दिसेल. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोहोर उमटे, ती मजकूर तेथे संपला हे दाखवण्यासाठी. डीकेआयएममध्ये मजकुराचा ठरावीक लांबीपर्यंतचाच भाग सहीखाली घेण्याची एक ऐच्छिक सवलत आहे. ती वापरली, तर सही न बिघडवता खाली भर घालता येते. जुन्या चिटणिसांनी ती सवलत बहुधा दिली नसती.

मोहोरही कच्ची असू शकते. गूगलची किल्ली केवळ ५१२ बिटांची आहे, हे एका अमेरिकी गणितज्ञाच्या ध्यानात आले. प्रमाणानुसार दीर्घकालीन किल्ली किमान १०२४ बिटांची हवी होती. त्याने भाड्याच्या संगणकांवर ती फोडली आणि कंपनीच्या एका संस्थापकाच्या नावे दुसऱ्या संस्थापकाला पत्र धाडले. उत्तर आले नाही. थोड्याच दिवसांत किल्ली मात्र बदलली. २०१२ मध्ये ही हकिगत उघड झाली.

त्याच वर्षी डीएमएआरसी जाहीर झाले आणि लखोटा व पत्र यांतली फट प्रथमच बुजवली गेली. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकाने संमत केलेले डोमेन वाचकाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी जुळलेच पाहिजे. न जुळल्यास काय करावे, हे डोमेनचा मालक सांगतो : काही करू नका, संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा नाकारा. जाणते व्यवस्थापक पहिल्या पर्यायापासून आरंभ करतात. रोज येणारे अहवाल वाचताना त्यांना आपल्याच संस्थेची विसरलेली यंत्रे सापडतात : बिले पाठवणारी, वार्तापत्रे धाडणारी. त्यांची नोंद केल्यावरच नकाराकडे वळायचे.

घाई केल्यास काय होते, ते एप्रिल २०१४ मध्ये दिसले. याहूने थेट ‘नाकारा’ असे घोषित केले. चर्चागटांच्या टपालयाद्या सदस्याचे पत्र त्याच्याच नावाने इतरांना पाठवत. वाटेत विषयाला गटाचे नाव जोडले जाई, तळाला टीप येई आणि सही मोडे. प्रामाणिक पत्रे परत येऊ लागली. बनावट टपाल आटले, पण झीज सोसली ती तिसऱ्यांनी.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने टपाल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही साधने अनिवार्य केली. गूगलच्या लेखी मोठी संख्या म्हणजे दिवसाला ५,००० संदेश. त्यातही डीएमएआरसीसाठी ‘काही करू नका’ एवढी घोषणा पुरते. शिवाय बँकेच्या नावात एखादे अक्षर बदलून नवे डोमेन घेणारा ठक ही तिन्ही साधने बिनचूक बसवू शकतो. त्याची सही खरीच असते. आणि दोन सर्व्हर भेटतात तेव्हा पहिला दुसऱ्याला ‘मेल फ्रॉम’ म्हणून जे नाव सांगतो, ते आजही १९८२ प्रमाणे त्याचे त्यानेच सांगितलेले असते.