बल्बच्या आयुष्याचा हिशोब: आगरगावचे खनिज, जिनिव्हाचा करार आणि कोराडीची राख

१/ "पूर्वीचे बल्ब वीस-वीस वर्षे चालत, पुढे कंपन्यांनी संगनमत करून त्यांचे आयुष्य हजार तासांवर आणले," हा मजकूर आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी आलेला असतो. त्यातील अर्धा भाग कागदोपत्री सिद्ध आहे. उरलेला अर्धा तपासायचा तर इतिहासाला पदार्थविज्ञानाची जोड द्यावी लागते. त्या तपासाची वाट नागपूर जिल्ह्यातूनही जाते. आजचा थ्रेड त्यावर.

२/ प्रथम दिवा समजून घेऊ. बारीक तारेतून वीज गेली की तार तापते आणि पुरेशी तापली की उजळते. तार हवेत जळून जाऊ नये म्हणून ती काचेच्या निर्वात गोळ्यात ठेवायची. १८७९ मध्ये एडिसनने कार्बनच्या तंतूवर असा दिवा टिकवून दाखवला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच वाटेवर होता. पण कार्बन फार तापवता येत नसे, म्हणून त्याचा प्रकाश मंद व पिवळा असे.

३/ उत्तर होते टंगस्टन. हा धातू वितळायला सुमारे ३४२० अंश सेल्सिअस लागतात. इतका उच्च वितळणबिंदू दुसऱ्या कोणत्याही धातूचा नाही. १९०४ मध्ये युस्ट आणि हानामान यांनी टंगस्टनच्या तंतूचे पेटंट हंगेरीत घेतले. मात्र हा तंतू ठिसूळ होता. १९१० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार ओढून दाखवली, आणि कार्बनचा काळ संपला.

४/ नेमक्या याच सुमारास नागपूर जिल्हा या धातूच्या नकाशावर आला. नागपूरच्या आग्नेयेला, कुही-उमरेडच्या बाजूला, आगरगाव येथे वुल्फ्रमाइट हे टंगस्टनचे खनिज असल्याची नोंद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भूवैज्ञानिकांनी केली. हा भाग आज भूविज्ञानात कुही-खोबना-आगरगाव पट्टा म्हणून ओळखला जातो. अर्थात त्या काळी टंगस्टनचे मोठे गिऱ्हाईक पोलाद होते. बल्बला तो गुंजभरही लागत नसे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याची ही गरज मुख्यतः ब्रह्मदेशातील तवॉयच्या खाणींनी भागवली.

५/ आता बल्ब मरतो कसा? तंतूचे तापमान सुमारे २५०० अंश असते. त्या उष्णतेत टंगस्टनचे कण सुटत राहतात आणि काचेवर बसतात. जुना बल्ब आतून काळवंडतो तो त्यामुळे. तंतू जिथे किंचित बारीक होतो तिथे तो अधिक तापतो, म्हणून तिथूनच अधिक झिजतो. थंड तंतूचा विद्युतरोध अगदी कमी असल्याने बटण दाबताच क्षणभर नेहमीच्या दहापटीहून अधिक प्रवाह धावतो. बल्ब बहुधा लावतानाच 'उडतो', याचे कारण हे.

६/ आता सिद्ध झालेला भाग. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातील मोठ्या बल्ब उत्पादकांनी करार केला. जर्मनीची ओस्राम, नेदरलँड्सची फिलिप्स, फ्रान्सची कॉम्पानी द लांप हे त्यातले प्रमुख. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आपल्या परदेशी कंपन्यांमार्फत सामील होती. या संघाचे नाव फीबस. बाजारपेठा वाटून घेतल्या गेल्या आणि बल्बचे आयुष्य १००० तासांवर बांधले गेले. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्बही विकले जात.

७/ सभासद कारखान्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. बल्ब ठरल्यापेक्षा अधिक काळ टिकला तर कारखान्याला दंड होई! दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला, पण दंडाची ही व्यवस्था कागदपत्रांत शिल्लक आहे. तेव्हा "संगनमत झाले" हे विधान निर्विवाद.

८/ पण "म्हणजे निव्वळ फसवणूक" हे दुसरे विधान तितके सरळ नाही. तंतू जितका तप्त तितका प्रकाश अधिक आणि आयुष्य कमी. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले तर बल्बचे आयुष्य सुमारे चौपट होते. मात्र प्रकाश ३० टक्क्यांनी घटतो आणि वीज जेमतेम १५ टक्केच वाचते. तेवढाच प्रकाश हवा असेल तर दीर्घायुषी बल्ब सुमारे २० टक्के जास्त वीज खातो.

९/ माझ्या आजोळी, उमरेडकडच्या एका खेड्यात, देवघरातला बल्ब "तुझ्या आईच्या लग्नापासून आहे" असे आजी अभिमानाने सांगायची. तिची आठवण खोटी नव्हती. पण त्या गावात संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरे की तंतू नारिंगी दिसे. तो बल्ब टिकला, कारण तो कधी पुरता पेटलाच नाही. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून लावलेला प्रसिद्ध दिवाही आज अवघ्या चार-एक वॅटवर मिणमिणतो.

१०/ आता हिशोब मांडू. ६० वॅटचा बल्ब १००० तासांत ६० युनिट वीज घेतो. त्यातली ५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश होते. बाकी सारी उष्णता. औष्णिक केंद्रात एका युनिटला सरासरी ०.७ किलो कोळसा धरला, तर दहा-पंधरा रुपयांच्या या बल्बमागे सुमारे ४२ किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. म्हणजे १२ ते १४ किलो राख. बल्बच्या किमतीपेक्षा त्याने खाल्लेली वीज कितीतरी महाग.

११/ ही राख कुठे जाते, हे नागपूरकरांना सांगायला नको. कोराडीचे औष्णिक केंद्र १९७४ पासून चालू आहे, शेजारी खापरखेडा. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ आजूबाजूच्या शेतांत आणि वस्त्यांत शिरला. दूरच्या शहरातील दिव्याची किंमत इथल्या मातीने मोजली.

१२/ एलईडीचे महत्त्व इथे कळते. त्यात काही तापवून उजळवायचे नसते. अर्धवाहकातून इलेक्ट्रॉन जाताना थेट प्रकाश निघतो. लाल एलईडी १९६२ चा. पांढऱ्या प्रकाशासाठी आवश्यक निळा एलईडी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांनी साधला आणि २०१४ चे नोबेल मिळवले. ९ वॅटचा एलईडी ६० वॅटच्या बल्बइतका प्रकाश देतो: १००० तासांना ९ युनिट, म्हणजे साधारण ६ किलो कोळसा. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब घाऊक सरकारी खरेदीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला.

१३/ एलईडी अमर मात्र नाही. त्याची चकती सहसा जळत नाही, हळूहळू मंदावते. आधी बिघडते ते बुडाशी असलेले सर्किट, विशेषतः त्यातला कपॅसिटर. त्याचा शत्रू उष्णता. नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात बंद झुंबरात कोंडलेला एलईडी खोक्यावर छापलेले तास पुरे करील, ही अपेक्षा व्यर्थ. शक्य तिथे तो उघड्या होल्डरमध्ये लावावा.

१४/ मग फीबसचा दोष कोणता? १९५१ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने चौकशी केली, तेव्हा १००० तासांचा आकडा वाजवी तडजोड म्हणून मान्य केला. पण किती वीज जाळून किती टिकाऊपणा घ्यायचा, ही निवड ग्राहकाची होती. ती चार भिंतींआड झाली आणि बाजारात दुसरा पर्याय उरू नये अशी व्यवस्था झाली. आकडा समर्थनीय, पद्धत नव्हे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

१५/ म्हणून तो मजकूर पुन्हा आला की त्याला तीन प्रश्न विचारा: बल्ब किती तास टिकला? तेवढ्या तासांत त्याने प्रकाश किती दिला? आणि त्याची राख कोणाच्या दारात पडली? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा आपण विचारायचा, कारण उत्तर आपल्या जिल्ह्यात आहे.

तुमच्या घरी असा 'न उडणारा' जुना बल्ब होता का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि तेव्हा गावात व्होल्टेज कसे असे, तेही विचारायला विसरू नका.