अवसादरोधके आणि शुद्धिहरण

अवसादरोधके (तीव्र खिन्नतेवरील औषधे) घेणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी बेशुद्ध करताना बाळगावयाच्या दक्षतेचा इतिहास या औषधांच्या प्रसाराबरोबरच सुरू होतो. आयप्रोनायझिड या क्षयरोगावरील औषधाने रुग्णांची चित्तवृत्ती उल्हसित होते, असे १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात आढळले आणि १९५७ पासून ते खिन्नतेवर वापरात आले. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम ते निष्क्रिय करते. परिणामी सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन ही द्रव्ये तंत्रिकांमध्ये साचतात. धोक्याचे मूळ या साठ्यातच होते.

पेथिडीन हे वेदनाशामक तोपर्यंत शस्त्रक्रियागृहात व प्रसूतिकक्षात नित्याचे झाले होते. मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधक घेणाऱ्या काही रुग्णांना त्याच्या नेहमीच्या मात्रेनेच प्रक्षोभ, तीव्र ज्वर, स्नायूंचा ताठरपणा व झटके येऊन मूर्च्छा आल्याचे, क्वचित मृत्यू ओढवल्याचे वृत्तांत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध होऊ लागले. पेथिडीन सेरोटोनिनचे तंत्रिका कोशिकांतील पुनर्ग्रहण रोखते, हे त्यामागील प्रमुख कारण होय. मॉर्फीन तसे करीत नाही. म्हणून अशा रुग्णांत तेच पसंत केले जाते. रक्तदाब वाढविण्यासाठी दिलेले एफेड्रीन मात्र साचलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलीन एकदम मोकळे करून रक्तदाब भयावह वाढवू शकते.

एंझाइम नव्याने तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी तितका काळ औषध बंद ठेवण्याचा दंडक पडला. तो दिसावयास सुरक्षित. पण तीव्र अवसादाच्या रुग्णात औषधखंड म्हणजे आत्महत्येचाही धोका. १९८० नंतर औषध चालू ठेवून, घातक संयोग टाळून शुद्धिहरण करण्याकडे कल वाढला.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली फेनेल्झीन घेणाऱ्या लिबी झायन या अठरा वर्षांच्या युवतीला रुग्णालयात पेथिडीन देण्यात आले व काही तासांत ती मरण पावली. हा प्रसंग शस्त्रक्रियेचा नव्हता आणि मृत्यूचे नेमके कारण वादग्रस्तच राहिले. तथापि त्यामुळे हा संयोग सर्वतोमुखी झाला. निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा त्या राज्याने १९८९ मध्ये घातली, तीही याच प्रकरणातून.

पुढे प्रचारात आलेल्या फ्लुओक्सेटीनसारख्या औषधांमुळे धोका सौम्य झाला, तरी नाहीसा झाला नाही. परावटू ग्रंथी ओळखू याव्यात म्हणून शस्त्रक्रियेत दिले जाणारे मिथिलीन ब्लू हे निरुपद्रवी समजले जाणारे रंजकद्रव्य स्वतःच प्रभावी मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधक असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. सेरोटोनिनवर्धक औषधांबरोबर ते देण्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला.