दप्तरातील नाव आणि रानातील जीव : सह्याद्रीतील दोन भेकांचा वृत्तांत

बल्लारपूरच्या आगारात येणारा सागाचा ओंडका मोजला जातो आणि त्याची नोंद दप्तरात राहते. बांबूचीही तीच कथा. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनांचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक साहजिकच अशा नोंदींवर विसंबतो. परंतु ज्या जीवास बाजारात मोल नाही त्याची तेथे नोंद नसते. आणि ज्याची नोंद नाही त्याच्या नाशाचाही पुरावा उरत नाही. या दृष्टीने सह्याद्रीतील दोन भेकांचा वृत्तांत आपल्याकडील अभ्यासकांसही उद्बोधक ठरावा.

कोयना धरणाचे बांधकाम १९५६ ते १९६४ या काळात झाले. त्याच अवधीत, १९६३ साली, सोमण यांनी कोयना परिसरातील एका भेकाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्याचे जातिनाम कोयनेवरूनच साधले. ज्या खोऱ्यातील गावे व राने पाण्याखाली गेली, त्याच खोऱ्याचे नाव या लहानशा प्राण्यास मिळाले.

पुढे २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी प्रभृती संशोधकांनी या भेकासाठी ‘झँथोफ्रायने’ ही नवी प्रजाती स्थापिली. ‘पिवळा’ व ‘भेक’ या अर्थांच्या ग्रीक पदांपासून हे नाव बनले आहे. त्याच लेखात सिंधुदुर्गातील आंबोलीचा भेक स्वतंत्र जातीचा ठरला आणि अंगावरील वाघासारख्या पट्ट्यांवरून त्यास ‘टायगरिना’ हे नाव मिळाले. हा केवळ शब्दच्छल नव्हे. वेगळे नाव मिळाल्यावरच त्याचे ज्ञात क्षेत्र आंबोलीपुरतेच असल्याचे ध्यानात आले आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली.

या संकटाचे मूळ शिकारीत नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. परंतु तसल्या निर्बंधाने हा भेक तरणारा नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी सड्यावरील कातळाच्या खळग्यांत उथळ पाणी साचते व त्यात तो अंडी घालतो. सडा खणला किंवा सपाट केला, की हे स्थान कायमचे जाते. पीक न येणाऱ्या जमिनीस महसुली भाषेत ‘पडीक’ वा ‘पोटखराबा’ म्हणतात. शेतसाऱ्याच्या हिशेबात ही पदे योग्यच आहेत. पण अशाच भूमीवर या जीवाची पुढची पिढी जन्मास येते.

कोयना अभयारण्य १९८५ साली व सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली अस्तित्वात आला. वाघासाठी राखलेल्या या रानाचा आश्रय कोयनेच्या भेकास काही अंशी लाभला. वाघाचे नाव धारण करणाऱ्या आंबोलीच्या भेकास मात्र नाही, कारण आंबोली त्या सीमेबाहेर आहे.

आपल्या जिल्ह्यांच्या वनेतिहासाची साधने तपासताना सागबांबूच्या आकड्यांबरोबरच ‘पडीक’, ‘निरुपयोगी’ अशी पदे कोणी व कोणत्या हेतूने योजिली, याचाही शोध अभ्यासकांनी घ्यावा. तसेच गोंडी, माडिया व झाडीबोली यांतील प्राण्यांची आणि पाणवठ्यांची नावे संग्रहित करावीत. दप्तराने वगळलेल्या जीवांचा माग त्या नावांतून लागू शकेल. मात्र हे कार्य ती राने व त्या बोली नांदत आहेत तोवरच शक्य आहे.